रिले आणि कंट्रोल सर्किट : बडोद्याहून वारंवार येणारे प्रश्न

मकरपुरा जीआयडीसीतले (औद्योगिक वसाहतीतले) वायरमन, तरसाली आयटीआयची मुलं आणि पाण्याच्या पंपाची जबाबदारी अंगावर आलेले सोसायट्यांचे सेक्रेटरी, या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवशिक्यांसाठी आहेत, पुढचे अनुभवी माणसालाही अडवणारे. एक आग्रह मात्र सगळीकडे दिसेल: वायर तुटली, लाइट गेली, स्क्रू ढिला झाला, तर मशीन थांबलंच पाहिजे, आपणहून सुरू होता कामा नये. आणि पॅनलमध्ये हात घालण्याआधी मेन बंद करा, कुलूप लावा, मग मीटरनं खात्री करा. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका.

१. रिले म्हणजे नेमकं काय? स्विचच ना तो?

स्विचच, फक्त तो बोटाऐवजी चुंबकानं दाबला जातो. आत बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, ती कॉइल. कॉइलमधून करंट गेला की लोखंडी गाभा चुंबक बनतो, समोरची पत्री ओढून घेतो आणि पत्रीला जोडलेले कॉन्टॅक्ट जागा बदलतात. करंट थांबला की स्प्रिंग पत्रीला परत आणते. पॅनलच्या भाषेत रिले ‘उचलला’ आणि ‘सुटला’.

खरी गंमत अशी की कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांचा आपसात विजेचा संबंध नसतो. नेहमीच्या २४ व्होल्ट डीसी रिलेची कॉइल सुमारे ६५० ओहमची असते आणि ३७ मिलिअँपिअर घेते. तेवढ्यावर तो २३० व्होल्टची, काही अँपिअरची लाइन चालू-बंद करतो. जोसेफ हेन्रीनं १८३५ मध्ये अशी रचना मांडली. तारायंत्राच्या लांब तारेत क्षीण झालेला सिग्नल पुढच्या तारेवर नव्या बॅटरीच्या जोरावर पाठवायला ती फार उपयोगी पडली.

२. एनओ, एनसी आणि कॉमन कसे ओळखायचे? माझ्या रिलेवर फक्त नंबर आहेत.

एनओ म्हणजे रिले सुटलेला असताना उघडा असणारा कॉन्टॅक्ट, एनसी म्हणजे तेव्हा जोडलेला. कॉमन दोघांच्या मध्ये असतो. रिले उचलला की तो एनसी सोडून एनओला जाऊन मिळतो.

नंबर तीन पद्धतींनी येतात. बेसवर ए१-ए२ दिसलं तर ती कॉइल. ११ कॉमन, १२ एनसी, १४ एनओ, आणि पुढचा संच २१-२२-२४. चौकोनी पारदर्शक, चौदा पायांच्या रिलेत १३-१४ ही कॉइल असते, ९ ते १२ कॉमन, १ ते ४ एनसी, ५ ते ८ एनओ. गोल आठ पायांच्या रिलेत कॉइल २ आणि ७ वर. १ कॉमन, त्याचा ३ एनओ, ४ एनसी. दुसरा कॉमन ८, त्याचा ६ एनओ, ५ एनसी.

इथे एक जागा फसवी आहे. चौदा पायांच्या रिलेवर १३-१४ ही कॉइल असते, पण कॉन्टॅक्टरवर १३-१४ हा जोडीचा एनओ कॉन्टॅक्ट असतो. नवी मुलं इथेच अडखळतात. त्यामुळे नंबर पाठ असला तरी रिलेच्या अंगावर छापलेली आकृती बघितल्याशिवाय वायर लावू नका.

३. रिले आणि कॉन्टॅक्टर यात फरक काय?

तत्त्व एकच, काम वेगळं. रिले निर्णय पोचवतो, कॉन्टॅक्टर मोटर ओढतो. कॉन्टॅक्टरला तीन मोठे मुख्य कॉन्टॅक्ट असतात (१-२, ३-४, ५-६), ठिणगी विझवायची सोय असते आणि बाजूला १३-१४ किंवा २१-२२ असे छोटे जोडीचे कॉन्टॅक्ट असतात. मोटर थेट रिलेवर लावायचा मोह होतो. पंखा किंवा छोटी कूलर मोटर असेल तर एक वेळ ठीक, पण तीन फेजच्या मोटरला कॉन्टॅक्टरच हवा.

४. ट्रान्सफॉर्मरवरचा बुखोल्झ रिले हाही असाच असतो का?

नाही. तो संरक्षण रिले आहे. मॅक्स बुखोल्झनं १९२१ मध्ये काढलेली ही युक्ती तेलाच्या टाकीत तयार होणारा वायू आणि तेलाचा अचानक झोत ओळखते. आत कॉइल नसते, तरंगणारे फ्लोट असतात. वायू हळूहळू साठला तर अलार्म, झोत आला तर ट्रिप. त्याच्याकडून आलेला कॉन्टॅक्ट मात्र पुढे साध्या कंट्रोल सर्किटमध्येच येतो, म्हणून खालच्या गोष्टी तिथेही लागू आहेत.

५. कंट्रोलचं ड्रॉइंग समजत नाही. कुठून वाचायला सुरुवात करू?

आधी एक नियम: ड्रॉइंगमध्ये सगळं सप्लाय बंद असलेल्या अवस्थेत दाखवतात. कुठलाही रिले उचललेला नाही, कुठलंही बटन दाबलेलं नाही. त्यामुळे चालत्या मशीनमध्ये जो कॉन्टॅक्ट जोडलेला सापडतो, तो कागदावर उघडा दिसू शकतो आणि तरी दोन्ही बरोबर असतात.

मग कॉइलपासून उलटं वाचा. समजा एका रिलेचं नाव के१ आहे. त्याची कॉइल उचलायला कुणाकुणाची संमती लागते? कॉइलपासून फेजकडे जात एकेक कॉन्टॅक्ट ओलांडा. एकामागे एक असतील तर सगळ्यांची संमती हवी, शेजारी-शेजारी असतील तर कुणा एकाची पुरे. एवढं जमलं की मोठं ड्रॉइंगही उलगडतं. के१ चे कॉन्टॅक्ट दुसऱ्या पानावर असतात. कॉइलच्या खाली त्यांची पानं लिहिलेली असतात, ती न चुकता बघा.

६. स्टार्ट बटन सोडलं तरी मोटर चालूच कशी राहते?

होल्डिंगमुळे. फेज आधी स्टॉप बटनाच्या एनसीमधून जाते, मग स्टार्टच्या एनओमधून, मग ओव्हरलोडच्या (मोटर जास्त करंट घेऊ लागली की वाट तोडणाऱ्या रिलेच्या) ९५-९६ या एनसी कॉन्टॅक्टमधून कॉइलच्या ए१ ला, आणि ए२ न्यूट्रलला. स्टार्ट दाबलं की कॉन्टॅक्टर उचलतो. त्याचाच १३-१४ हा एनओ कॉन्टॅक्ट स्टार्ट बटनाच्या समांतर जोडलेला असतो. कॉन्टॅक्टर उचलताच १३-१४ जुळतो आणि बटन सोडलं तरी कॉइलला त्या वाटेनं सप्लाय मिळत राहतो. स्टॉप दाबलं की वाट तुटते, कॉन्टॅक्टर सुटतो, १३-१४ उघडतो आणि स्टॉप सोडल्यावरही मोटर बंद राहते.

यातून दोन दोष लगेच ओळखता येतात. बटन दाबून ठेवेपर्यंतच मोटर चालत असेल तर १३-१४ ची वायर निघालेली आहे किंवा तो कॉन्टॅक्ट खराब झाला आहे. सप्लाय देताच मोटर धावत असेल तर होल्डिंगची वायर चुकीच्या जागी लागली आहे, किंवा स्टार्ट बटन आत अडकलं आहे.

दोन ठिकाणांहून चालू-बंद करायचं असेल तर सगळी स्टॉप बटनं एकामागे एक आणि सगळी स्टार्ट बटनं समांतर. याच्या उलट जोडलेली पॅनल मी पाहिली आहेत. तिथे एका ठिकाणचं स्टॉप दाबून काहीच होत नाही.

७. स्टॉप बटन एनसीच का? एनओ लावून रिलेनं उलटं केलं तर काय बिघडतं?

मशीन चांगलं असताना काहीच बिघडत नाही. बिघाड असताना जीव जाऊ शकतो.

स्टॉप एनसी असेल आणि पॅनलपासून बटनापर्यंतची वायर उंदरानं कुरतडली, तर मशीन थांबतं. त्रास होतो, लोक ओरडतात, पण दोष त्याच क्षणी कळतो. स्टॉप एनओ असेल आणि तीच वायर तुटली, तर मशीन मजेत चालू राहतं आणि वायर तुटल्याचं तेव्हाच कळतं, जेव्हा कुणी घाबरून स्टॉप दाबतो आणि मशीन थांबत नाही. वायर वाचवण्यासाठी किंवा एनसीचा ब्लॉक हाताशी नव्हता म्हणून कुणी असं करत असेल तर त्याला थांबवा. पीएलसी (प्रोग्रॅमनं मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) असली तरी स्टॉपची इनपुट एनसीच घ्या आणि प्रोग्रॅममध्ये ती तशीच हाताळा.

टाकीच्या ओव्हरफ्लोचा फ्लोट, दरवाज्याचा लिमिट स्विच (भाग ठराविक जागी आला की दाबला जाणारा), तेलाच्या दाबाचा स्विच, या सगळ्यांना हाच न्याय: जे थांबवतं ते ‘जोडलेलं असेल तरच चालू’ अशा पद्धतीनं यावं.

८. आमच्या सोसायटीचा पंप लाइट जाऊन आल्यावर आपोआप सुरू व्हायला हवा. होल्डिंग काढून टाकू का?

पाण्याच्या पंपासाठी हे चालतं, कारण तिथे फिरत्या भागाजवळ कुणी हात घालून उभं नसतं. होल्डिंग काढून नुसता फिरवायचा स्विच लावला आणि पुढे फ्लोटचे कॉन्टॅक्ट घेतले की पंप आपोआप परत सुरू होतो. मात्र लाइट आल्या आल्या लगेच नको. ऑन-डिले टायमर लावून थोडं थांबू द्या, म्हणजे व्होल्टेज स्थिर होतं आणि सगळ्या विंगचे पंप एकदम उठत नाहीत. खालच्या टाकीत किंवा बोअरमध्ये पाणी नसताना पंप कोरडा चालू नये यासाठी खालचा फ्लोट किंवा ड्राय-रन संरक्षण घ्याच. गच्चीवरच्या फ्लोटला २३० व्होल्ट नेऊ नका. २४ व्होल्ट पाठवा आणि पॅनलमध्ये रिले ठेवा. पाणी आणि माणसं दोन्ही तिथे असतात.

लेथ, प्रेस, ग्राइंडर, कन्व्हेयर यांना मात्र ही मुभा नाही. लाइट आल्यावर माणसानं स्टार्ट दाबल्याशिवाय ते हलता कामा नये, आणि होल्डिंग (प्रश्न ६) आपल्याला हेच फुकट देतं.

९. कॉइल २३० व्होल्ट एसी घ्यावी की २४ व्होल्ट डीसी?

एकटा स्टार्टर असेल तर २३० एसी सोपी पडते. बटनं मशीनभर पसरलेली असतील, सेन्सर किंवा पीएलसी असेल, केबल लांब असेल, तर २४ डीसी. माझं मत विचाराल तर नवीन मशीनमध्ये सरसकट २४ डीसी. ऑपरेटरच्या हाताखाली कमी व्होल्टेज राहतं आणि प्रश्न १७ मधली, लांब केबलमधल्या गळतीची डोकेदुखी टळते.

१०. डीसी कॉइलला एसी दिला, किंवा उलट केलं तर?

डीसी कॉइलला तेवढ्याच व्होल्टचा एसी दिला तर रिले धड उचलत नाही, नुसता खडखडतो. एसी कॉइलला डीसी दिला तर ती जळते. एसीवर कॉइलचा करंट प्रामुख्यानं तिच्या इंडक्टन्समुळे (बदलत्या करंटला गुंडाळी करते त्या विरोधामुळे) आवरला जातो. डीसीला तो अडथळा नसतो, उरतो फक्त तारेचा ओहम, आणि करंट कितीतरी पट वाढतो.

११. कॉन्टॅक्टर घूं-घूं करतो आणि काही महिन्यांनी कॉइल जळते. कॉइल बदलून थकलो.

मग दोष कॉइलमध्ये नाही. ५० हर्ट्झच्या एसीत चुंबकाचा जोर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. पत्री सुटू नये म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याची छोटी कडी बसवलेली असते. एक भाग सुटू पाहतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो. ती कडी तडकली, गाभ्याच्या तोंडावर धूळ-ग्रीस-गंज साचला किंवा व्होल्टेज कमी पडलं, की आवाज सुरू होतो.

जळण्याचं कारणही यातच आहे. एसी कॉइल उचलायच्या क्षणी खूप करंट घेते आणि गाभा पूर्ण मिटल्यावरच तो खाली येतो. नऊ अँपिअरच्या लहान कॉन्टॅक्टरला उचलताना साधारण ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लागतात, धरून ठेवायला फक्त सातच्या आसपास. कचऱ्यामुळे गाभा पूर्ण मिटला नाही, तर उचलायच्या वेळचा करंट वाहतच राहतो आणि कॉइल भाजून निघते.

म्हणून नवी कॉइल टाकण्याआधी कॉन्टॅक्टर उघडा. गाभ्याची दोन्ही तोंडं कोरड्या फडक्यानं पुसा, घासपेपर लावू नका. कडी बघा, पत्री हातानं दाबून मोकळी सरकते का ते बघा. मग कॉन्टॅक्टर उचलत असताना ए१-ए२ वर व्होल्टेज मोजा. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत संस्थेच्या मानकानुसार कॉन्टॅक्टरनं आपल्या व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत नीट उचलायला हवं. त्याखाली येत असेल तर कंट्रोल ट्रान्सफॉर्मर (कॉइल-बटनांना वेगळा सप्लाय देणारा) लहान आहे किंवा वाटेत कुठलं तरी टर्मिनल ढिलं आहे.

१२. डीसी कॉइलवर डायोड लावायलाच हवा का? उलटा लागला तर?

कॉइलचा करंट तोडला की साठलेलं चुंबकत्व उलट्या दिशेला शेकडो व्होल्टचा झटका देतं. तो पीएलसीचा ट्रान्झिस्टर उडवतो किंवा आधीच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पाडतो. १एन४००७ सारखा डायोड कॉइलला समांतर, पट्टीची बाजू प्लसकडे. झटका तिथेच विरतो.

उलटा लावलात तर सप्लाय देताच शॉर्ट. तसंच, ज्या बेसमध्ये किंवा रिलेत एलईडी आणि डायोड आतच असतो तिथे ए१ ला प्लसच द्यावा लागतो. जुना साधा रिले काढून असा रिले बसवताना हे हमखास विसरलं जातं.

डायोडमुळे रिले सुटायला थोडा जास्त वेळ लागतो. ब्रेकसारख्या कामात तो वेळ खटकत असेल तर डायोडसोबत झेनर (ठराविक व्होल्टेजवर वाट देणारा डायोड) घ्या. एसी कॉइलला डायोड कधीच नाही. तिथे आरसी (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी) किंवा व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार वाढलं की वाट देणारा रेझिस्टर).

१३. रिलेवर १० अँपिअर लिहिलंय, माझा लोड फक्त ३ अँपिअरचा. तरी कॉन्टॅक्ट चिकटला. असं का?

कारण ते १० अँपिअर हीटरसारख्या शांत लोडसाठी असतात, आणि तेही एसीवर. मोटर, कॉइल, सोलेनॉइड, एलईडी दिव्यांचे पॉवर सप्लाय हे शांत नाहीत. एलईडीचा पॉवर सप्लाय चालू होताना आतला कपॅसिटर क्षणभर प्रचंड करंट ओढतो आणि त्या क्षणी कॉन्टॅक्ट वितळून जुळतो. मीटरवर तुम्हाला दिसतात ते नंतरचे ३ अँपिअर.

कॅटलॉगमध्ये लोडची जात लिहिलेली असते ती वाचा. एसी-१ म्हणजे हीटर, एसी-३ म्हणजे मोटर, एसी-१५ म्हणजे एसी कॉइल आणि सोलेनॉइड, डीसी-१३ म्हणजे डीसी कॉइल.

डीसीचा फटका तर आणखी मोठा. एसीच्या ठिणगीला प्रत्येक अर्ध्या चक्रात आपोआप विझायची संधी मिळते, डीसीच्या ठिणगीला मिळत नाही. ज्या रिलेवर २५० व्होल्ट एसी १० अँपिअर लिहिलेलं असतं, त्याची डीसीवर बहुधा फक्त ३० व्होल्टपर्यंतच तेवढी ताकद असते. ११० व्होल्ट डीसीवर ती अर्ध्या अँपिअरच्या आसपास उतरते. सबस्टेशनच्या बॅटरीवर चालणाऱ्या पॅनलात साधा रिले टाकून लोक इथेच फसतात.

१४. कॉन्टॅक्ट चकचकीत आहे, मीटरवर जुळतोही, पण पीएलसीला कधी सिग्नल मिळतो, कधी नाही.

हा प्रश्न १३ च्या बरोबर उलट आहे: लोड फार कमी. चांदीच्या कॉन्टॅक्टवर हवेमुळे, विशेषतः गंधकाच्या वाफा असतील तर, काळा थर बसतो. मोठा करंट तो थर जाळून टाकतो, पीएलसी इनपुटचे पाच-सात मिलिअँपिअर नाही. बऱ्याच पॉवर रिलेंच्या माहितीपत्रकात किमान लोड ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर असा दिलेला असतो. तो आकडा कुणी बघत नाही. अशा जागी सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट घ्या. नंदेसरीसारख्या रासायनिक कारखान्यांच्या भागात तर पहिल्या दिवसापासून. आणि एक पथ्य: सोन्याच्या कॉन्टॅक्टवर एकदा जरी मोठा लोड दिला तरी मुलामा उडतो, मग तो रिले पुन्हा सिग्नलच्या कामाचा राहत नाही.

१५. ओव्हरलोड रिले किती अँपिअरवर सेट करायचा?

मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या करंटवर. ‘थोडा वर ठेवू, सारखा ट्रिप होतो’ असं म्हणून काटा वाढवणं म्हणजे मोटर जाळायची परवानगी देणं. ५ एचपीच्या ४१५ व्होल्ट मोटरवर साधारण साडेसात अँपिअर असतं, पण अंदाज नको, पाटी वाचा.

अपवाद स्टार-डेल्टा स्टार्टरचा (मोटर आधी स्टार जोडणीत हळू उचलून मग डेल्टात नेणारा). तिथे ओव्हरलोड बहुतेक वेळा मुख्य कॉन्टॅक्टरच्या खाली असतो, आणि त्यातून लाइनचा नव्हे, एका वाइंडिंगचा करंट जातो. म्हणून पाटीवरच्या आकड्याला ०.५८ नं गुणा. १४.५ अँपिअरची मोटर असेल तर सेटिंग सुमारे ८.४. ओव्हरलोड येणाऱ्या मेन लाइनवरच असेल तर मात्र पूर्ण १४.५. आपला कुठे आहे हे वायर धरून बघा.

तो लगेच का ट्रिप होत नाही, असंही विचारतात. व्हायलाच नको. १.०५ पटीला दोन तासांत ट्रिप होऊ नये, १.२ पटीला दोन तासांच्या आत व्हावा, आणि क्लास १० चा रिले ७.२ पटीला दहा सेकंदांच्या आत सुटावा, असं मानक आहे. शॉर्ट सर्किट तोडणं त्याचं काम नाही, ते फ्यूजचं किंवा एमपीसीबीचं (मोटरसाठीच्या सर्किट ब्रेकरचं). रिसेट हातानं करायचा ठेवा. ऑटो ठेवलात तर गार झाल्यावर तो पुन्हा सप्लाय जोडेल आणि प्रश्न ८ मधला, मशीन आपोआप सुरू व्हायचा धोका परत उभा राहील.

१६. फॉरवर्ड-रिव्हर्समध्ये दोन बटनं एकदम दाबली तर?

इंटरलॉक (एक चालू असताना दुसऱ्याला अडवणारी सोय) नसेल तर दोन फेज थेट शॉर्ट. म्हणून फॉरवर्डच्या कॉइलच्या वाटेत रिव्हर्स कॉन्टॅक्टरचा २१-२२, आणि रिव्हर्सच्या वाटेत फॉरवर्डचा. वर दोघांच्या मध्ये यांत्रिक इंटरलॉकही बसवा. स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टरांनाही हेच.

१७. लिमिट स्विच उघडला, तरी २३० व्होल्टचा छोटा रिले सुटत नाही. वायरही शॉर्ट नाही.

केबल किती लांब आहे ते बघा. एकाच केबलमध्ये कायम फेज असलेली वायर आणि स्विचमधून परत येणारी वायर शेजारी-शेजारी धावतात. त्या दोघींच्या मध्ये नकळत कपॅसिटर तयार होतो. किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरला तर ३०० मीटरला ०.०६. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर त्यातून चार मिलिअँपिअरच्या आसपास करंट गळतो. २३० व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइलच साधारण पाच मिलिअँपिअरची असते! एकदा उचलल्यावर ती याहून कितीतरी कमी करंटवर धरून राहते, मग सुटेल कशी?

सॉलिड-स्टेट आउटपुट आणि आरसी लावलेले स्विच यांच्यातूनही अशीच गळती होते. उपाय: कंट्रोल २४ डीसीवर आणा. ते जमत नसेल तर कॉइलला समांतर योग्य वॉटेजचा रेझिस्टर किंवा तयार मिळणारं गळती-संरक्षण जोडा. आणि हे तपासताना डिजिटल मीटरवर १०० व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नका. जोडीला टेस्ट लॅम्प लावला की खोटं व्होल्टेज लगेच कोसळतं.

१८. बटन कॉइलच्या आधी काय आणि न्यूट्रलच्या बाजूला काय, सर्किट तर एकच ना?

कागदावर एकच. पण समजा कॉइलला फेज थेट दिली आणि सगळी बटनं कॉइल ते न्यूट्रल यांच्यामध्ये लावली. आता कॉइल आणि बटन यांच्यामधली वायर पत्र्याला घासून अर्थ झाली (जमिनीशी जोडली गेली), तर न्यूट्रल अर्थलाच जोडलेलं असल्यामुळे सर्किट पूर्ण होतं. कुणी बटन न दाबता मोटर सुरू होते आणि स्टॉप दाबून थांबत नाही. तीच बटनं फेजच्या बाजूला असती, तर त्याच अर्थ फॉल्टनं फ्यूज उडाला असता. म्हणून कॉन्टॅक्ट फेजकडे, कॉइलचा ए२ थेट न्यूट्रलला. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या सेकंडरीचं एक टोक अर्थ करा आणि ए२ त्याच टोकाला द्या.

तयार स्टार्टरमध्ये ओव्हरलोडचा ९५-९६ कॉइलच्या नंतर दिसला तर दचकू नका. ती वायर एकाच खोक्यात, बोटभर लांबीची असते आणि तिथे अर्थ लागायची शक्यता फार कमी, म्हणून तेवढी सूट दिलेली आहे.

दोन फेजवर चालणारी ४१५ व्होल्टची कॉइल असेल तर वेगळाच पेच. तिथे अर्थ फॉल्ट झाला की कॉइलला सुमारे २४० व्होल्ट मिळतात, म्हणजे ५८ टक्के. एवढ्यावर कॉन्टॅक्टर उचलणार नाही, पण आधीच उचललेला असेल तर सुटणारही नाही, असं होऊ शकतं. स्टॉप दाबलं आणि मोटर चालूच, अशी तक्रार आली की पहिल्यांदा इथे बघा.

१९. मे महिन्यात दुपारी रिले उचलत नाही, सकाळी नीट चालतो. रिले बदलला, तरी तेच.

तांब्याचा ओहम दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. बडोद्यात बाहेर चाळीसच्या वर असताना उन्हात उभ्या पॅनलमध्ये कॉइल सत्तर अंशांना सहज पोचते. २० अंशांच्या तुलनेत ओहम जवळजवळ २० टक्क्यांनी वाढलेला असतो, म्हणजे करंट सुमारे १६ टक्क्यांनी घटलेला. २४ व्होल्टचा रिले थंड असताना १९.२ व्होल्टपर्यंत उचलेल अशी हमी कंपनी देते. तोच रिले तापल्यावर २३ व्होल्ट मागू शकतो. पॉवर सप्लाय २४ देत असेल आणि लांब वायरमध्ये दीड-दोन व्होल्ट पडत असतील, तर दुपारी तो रुसणारच. कॉइलच्या पायांवर व्होल्टेज मोजा, वायर जाड करा, पॉवर सप्लाय थोडा वर सरकवा आणि पॅनलवर सावली करा.

२०. इमर्जन्सी स्टॉपला साधा रिले किंवा पीएलसीचा प्रोग्रॅम पुरतो का?

माणसाचा हात जाऊ शकेल अशा मशीनला पुरत नाही. साध्या रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला (प्रश्न १३) की बटन दाबून उपयोग नाही, आणि चिकटल्याचं आधी कळतही नाही. सेफ्टी रिलेत दोन वाटा असतात. कॉन्टॅक्ट एकमेकांना यांत्रिकरीत्या असे बांधलेले असतात की एक एनओ चिकटला तर त्याचा एनसी परत जुळूच शकत नाही, आणि मग रिले पुढच्या वेळी रिसेट व्हायला नकार देतो. त्याच्यापुढे दोन कॉन्टॅक्टर एकामागे एक लावा आणि दोघांचे एनसी कॉन्टॅक्ट रिसेटच्या वाटेत आणा. बटन फिरवून सोडवल्यावर मशीन नुसतं तयार व्हावं. सुरू होण्यासाठी स्टार्ट वेगळं दाबायला हवं.

२१. विश्वामित्री नदीचं पाणी पॅनलमध्ये शिरलं होतं. वाळवून चालू केलं तर?

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर हा प्रश्न सगळ्यात जास्त आला, आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात. पाण्यात बुडालेले रिले, टायमर, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, एमसीबी बदला. बाहेरून ते वाळतात, पण गाळ स्प्रिंगमध्ये आणि कॉन्टॅक्टवर बसून राहतो. काही आठवड्यांनी एमसीबी पडायच्या वेळी पडत नाही किंवा कॉन्टॅक्टर सुटायच्या वेळी सुटत नाही. पेटी, बसबार, रेल, टर्मिनल स्वच्छ पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवता येतात. वायरची टोकं कापून बघा. आत तांबं काळं पडलेलं असेल तर पाणी तारांमधून वर चढलेलं आहे, तेवढा भाग काढून टाका. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर मंद उष्णतेवर वाळवून मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) तपासता येतो.

पाणी उतरेपर्यंत पॅनलजवळ जाऊ नका, आणि आधी सप्लाय मागून, मीटरच्या बाजूनं बंद झाल्याची खात्री करा. सगळं बसवून झाल्यावर पीएलसी, पॉवर सप्लाय, टायमर यांच्या वायरी काढून ५०० व्होल्टच्या मेगरनं पॉवरच्या वायरी अर्थशी तपासा. एक मेगओहमच्या खाली आकडा असेल तर सप्लाय देऊ नका. पहिल्यांदा चालू करताना मोटरच्या तिन्ही वायरी सुट्या ठेवा आणि नुसतं कंट्रोल चालवा: स्टार्ट, स्टॉप, ओव्हरलोडचं टेस्ट बटन, प्रत्येक फ्लोट आणि लिमिट स्विच हातानं. सगळे आपापल्या वेळी सुटले की मगच मोटर जोडा.